आईची मास्तरीण

फाल्गुन अर्ध्यावर आला की आमच्या कळंबच्या शिवारात कांद्याच्या माना पडतात. कालपर्यंत ताठ उभी असलेली पात एकदम थकल्यासारखी आडवी होते आणि मग वाफ्यावाफ्यातून बायकांच्या रांगा बसतात. मागं उपटलेल्या कांद्यांच्या ओळी, पुढं पिवळी पडत चाललेली पात, मध्ये रंगीबेरंगी पदर आणि न संपणाऱ्या गप्पा. पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना गाडीची काच जरा खाली केली तर तो उग्र, थोडा गोडसर वास आत येतो. कुणाला तो सुगीचा वास वाटत असेल. मला तो आला की एका वर्षाची आठवण होते, आणि त्या आठवणीत सुगी कमी, जळफळाटच जास्त आहे.

जळफळाट हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. मत्सर म्हटलं की तो कीर्तनातला वाटतो, बुवांनी मोजून दाखवलेल्या सहा शत्रूंपैकी एक, आपल्या घरात कधी न येणारा. हेवा म्हटलं की फार हलकं, हळदीकुंकवाला नेसलेल्या साडीपुरतं. जळफळाट मात्र थेट पोटातला असतो. वयाची तिशी गाठलेल्या, शिकलेल्या, परदेशात मास्तरकी करणाऱ्या बाईला तो व्हावा, आणि तोही गावातल्या किराणा दुकानदाराच्या सुनेबद्दल व्हावा, हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या वर्षी मी मलावीहून सुट्टीवर आले होते. आफ्रिकेच्या नकाशात बोटानं शोधावा लागतो असा तो चिंचोळा देश. नवं शतक नुकतंच लागलेलं. मंचरच्या एका शाळेत मी तात्पुरत्या जागेवर इंग्रजी शिकवत होते. पुण्यातली एक संस्था तिकडच्या खेड्यांत शिकवायला माणसं पाठवते असं कळलं, अर्ज केला, आणि निवड झाली. थोरला भाऊ शेती बघायचा. तो जेवता जेवता एवढंच म्हणाला, "का गं सुरेखा, आपल्या तालुक्यातल्या बाया संपल्या व्हय शिकवायच्या?" आईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरातले मोठे निर्णय आई असेच घ्यायची, भाकरी वाढून.

तिकडचं गाव म्हणजे लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे मका आणि मध्येच पत्र्याच्या छपराची शाळा. वर्गात बाकं नव्हती. मुलं जमिनीवर इतकी दाटीनं बसत की मागच्या भिंतीपर्यंत जायचं तर मला लंगडी घालत जावं लागे. त्यांच्या भाषेत र आणि ल एकमेकांच्या जागा बिनदिक्कत घेतात. त्यामुळं मी पहिल्याच दिवशी सुरेखाची सुलेखा झाले. मॅडम सुलेखा. सुंदर लिहिणारी. इतकं शोभणारं नाव आईवडिलांनाही सुचलं नव्हतं.

दुपारी शाळा सुटली की आंब्याखाली बायकांचा वर्ग भरायचा. त्यांना आधी त्यांच्या भाषेतली अक्षरं, मग थोडं इंग्रजी. बायका मांडीवर शेंगांची टोपली घेऊनच येत. शेंगा फोडत फोडत आ, ए, ई, ओ, ऊ म्हणत. माझं त्यांच्या भाषेतलं बोलणं इतकं तोडकं होतं की मी एक वाक्य बोलले की टरफलं उडेपर्यंत हसत. त्यांच्यात सगळ्यात थोरली अमायी एस्नाती. तिकडं बाईमाणसाला मानानं अमायी म्हणतात. ती कमरेला एक निळं कापड गुंडाळायची, विटून विटून पांढुरकं झालेलं. त्यावर मोठी अक्षरं छापलेली होती. कुठल्याशा चर्चच्या मेळाव्यात वाटलेलं कापड, कित्येक वर्षांचं. त्यावर काय लिहिलंय ते तिनं कुणालाही सांगू दिलं नव्हतं. कुणी वाचायला लागलं की ती कानावर हात ठेवायची. "माझ्या अंगावरचं मीच वाचणार," म्हणायची.

आणि तिनं वाचलं. एका दुपारी कमरेचं कापड पुढं ओढून, मान खाली घालून, एकेक अक्षर बोटानं दाबत. "अमायी... जुकानी." जुन्नरमधला ज असतो ना, तसाच तो ज. अर्थ, आयांनो, जाग्या व्हा. एस्नाती इतकी हसली, इतकी हसली, की बाकीच्या घाबरल्या. "इतकी वर्षं हेच पांघरून झोपते आहे मी!"

त्या दिवशी मी हवेत होते. शिकवणाऱ्याच्या आयुष्यात असा दिवस क्वचित येतो. मी घरी लांबलचक पत्र लिहिलं. त्याआधीही लिहीतच होते, आणि त्यात अमायी एस्नाती असायचीच. ती काय म्हणाली, तिनं मला मक्याच्या पिठाचा उकडीसारखा गोळा कसा करायला शिकवला, मला हिवताप आला तेव्हा उशाशी कशी बसून राहिली. पत्र आईला वाचून दाखवायची कविता वहिनी.

कविता ही शेठजींची सून. शेठजींचं कुटुंब जैन, पणजोबांच्या काळात राजस्थानातून कळंबला आलेलं, आता आमच्याइतकंच कळंबचं. दुकानात किराणा, बी-बियाणं, आणि कोपऱ्यात एसटीडीचा फोन. मी तिकडून फोन करायची तो तिथंच, आणि आईला बोलावून आणायचीही कविताच. ती राजस्थानातल्या पालीकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर बोलता येत नव्हतं. दुकानात पोत्यावर बसून तिला मराठी शिकवली ती माझ्या आईनं. त्यामुळं शेठजींची सून आमच्या आईसारखंच बोलायची. 'लई', 'न्हाई', 'व्हतं', सगळं. मी शिकले आणि माझी भाषा पुण्याची झाली. पालीच्या मुलीच्या तोंडी माझ्या आईची भाषा होती. हे आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या फाल्गुनात आलं.

मी आले तेव्हा आई आणि कविता दोघी मला घ्यायला कळंबच्या फाट्यावर उभ्या होत्या. आईनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, "वाळलीस," म्हणाली. मी सामान गोळा करत होते, तेवढ्यात मागून एक एसटी आली. एक म्हातारा घाईनं आईला विचारू लागला, "बाई, ही जुन्नरची का?" आईनं मान वर केली. बोर्डाकडं पाहिलं. तिचे ओठ हलले. उजव्या हाताचं बोट मांडीवर काहीतरी गिरवत होतं. "नाय वो भाऊ," ती म्हणाली, "नाशिकची हाय. जुन्नरची मागून यील."

मला आधी वाटलं, ड्रायव्हर ओळखीचा असेल. मग कविताकडं लक्ष गेलं. ती खाली मान घालून हसत होती, आपली लेक परीक्षेत पास झाल्यावर आई हसते तशी.

"आई, तू वाचलंस?"

"त्यात काय," आई म्हणाली आणि माझी जड बॅग उचलून चालायला लागली.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो मागच्या बाकावर बसला. पुढं येऊन बसलं ते भलतंच. कारण आईला वाचायला शिकवणं हे माझं काम होतं. नव्वद सालानंतर गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा मी कॉलेजात होते. कंदील, पाट्या, तक्ते घेऊन मी आमच्या आळीतल्या बायकांना संध्याकाळी गोळा करायची. सगळ्या आल्या, आई आली नाही. घरी पाटी घेऊन बसले तर म्हणायची, "माझ्या टकुऱ्यात न्हाई शिरायचं." पुढं नोकरी लागल्यावर पुन्हा प्रयत्न केला. तिला म्हशीची धार आठवायची, चुलीवरचं दूध आठवायचं. शेवटी मी मनाशी ठरवून टाकलं की काही माणसं शिकतच नाहीत. माझी आई त्यातली. हे दुःख मी सांभाळून ठेवलं होतं. मलावीला जाताना ते बरोबर नेलं होतं. एस्नातीचं बोट अक्षरावर धरताना माझ्या डोळ्यांपुढं कुणाचं बोट असायचं हे काही सांगायला नको.

आणि इकडं माझी आई शेठजींच्या दुकानाच्या पायरीवर बसून शिकली होती.

मग त्या सुट्टीत माझा एक उद्योगच होऊन बसला. आई वाचताना तिला पकडायचं. सकाळी कांदा काढायला जायच्या आधी ती चहा पिताना कालचा पेपर समोर धरायची. मी ओसरीत आले की पेपरची घडी. दुपारी ती 'जरा दुकानात जाऊन येते' म्हणून जायची. मी साखर आणायच्या निमित्तानं मागून जायची. लांबूनच दोघींचं हसणं ऐकू यायचं. एकदा आई बिस्किटांच्या खोक्यावरचं वाचत होती, "पौ... पौष्... पौष्टिक," आणि 'पौ' वरच दोघी अशा खिदळत होत्या की गिऱ्हाईक ताटकळत उभं. मला बघून आई उठली. "चला, म्हशी सोडायच्या हायेत." कविता म्हणाली, "बसा की ताई, च्या टाकते." माझ्या आईच्याच बोलीत. मला तिच्या त्या 'च्या'चासुद्धा राग आला.

ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला तिघी मिळून गेलो तिथंही तेच. रांगेत पुढची एक परगावची बाई आईला म्हणाली, "मावशी, काय लिवलंय ओ त्या पाटीवर?" आई पुढं झाली, "चपला... बाहेर..." एवढं म्हणाली आणि तिला आठवलं की मी मागं उभी आहे. "पुढचं दिसत न्हाई," ती म्हणाली, "चष्मा घरी ऱ्हायला." आईला चष्मा नव्हताच. कवितानं पुढचं वाचलं. मी गाभाऱ्यात हात जोडले तेव्हा देवाकडं काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही. शेठजींचा मुलगा, म्हणजे कविताचा नवरा, चिंचवडला दुसरं दुकान टाकायचं म्हणत होता. ते लवकर व्हावं, एवढंच.

सुट्टी संपत आली तेव्हा शेवटच्या वाफ्यातला कांदा निघत होता. काढलेला कांदा शेतातच ढीग करून पातीनं झाकून ठेवायचा, आमच्याकडं त्याला आरण म्हणतात. तिथं तो सुकला की घरामागच्या हवेशीर बराखीत जातो. बाया जेवायला बांधावर गेल्या होत्या. आरणीच्या सावलीत आई आणि मी दोघीच पात कापत बसलो होतो. कांद्याची मान धरायची, विळा लावायचा, कांदा एका बाजूला, पात दुसऱ्या.

"तुझी अमायी कशी हाय?" आईनं विचारलं. वर न बघता.

"कोण?"

"तीच की. तिकडली. जिला वाचाया शिकिवलंस ती."

"बरी आहे."

"अमायी म्हंजी आईच ना?"

"अगं, तिकडं सगळ्याच बायकांना म्हणतात."

"तूबी म्हनतीस."

"म्हणते. म्हणावंच लागतं."

आईचा विळा जरा जोरात चालला. "कविता पत्र वाचायची तवा पयल्या पानावर अमायी, दुसऱ्या पानावर अमायी. अमायीनं पीठ मळलं, अमायी उशाशी बसली. आमी कुठं? पार खाली. 'आईला नमस्कार.' संपलं." तिनं कापलेला कांदा ढिगावर फेकला. "तापानं फणफणलेलीस तू आन् उशाशी ती. मला इथं म्हयन्यानं कळलं. त्येबी कविताच्या तोंडून."

मी हातातला कांदा तसाच धरून बसले.

"मग त्ये कापडाचं पत्र आलं," आई म्हणाली. "माझ्याहून थोरली म्हातारी, आन् तिनं वाचलं. कविता वाचताना रडली. मला न्हाई आलं रडू. मला आला राग. म्हनलं, माझ्या लेकीनं तिला शिकिवलं, आन् मी काय मेलेय? दुसऱ्या दिशी गेले आन् कविताला म्हनलं, काढ ती पाटी."

माझी आई एका अनोळखी, सात समुद्रांपलीकडच्या म्हातारीवर जळत होती. वर्षभर जळत होती. आणि त्या जाळावर तिनं बाराखडी शिजवून घेतली होती.

"पण आई," मी म्हणाले, "मी इतकी वर्षं मागं लागले होते. माझ्याकडून का नाही?"

तिनं विळा खाली ठेवला. पदरानं हात पुसले. "तुझ्यापुढं चुकायची लाज वाटायची गं. कवितापुढं चुकलं तर ती हसती, मग मीबी हसते. तू न्हाई हसायचीस. तुझं तोंड बारीक व्हायचं. तुला माझी कीव यायची." मग माझ्याकडं सरळ पाहिलं. "समद्या जगाची कीव सोसती माणसाला. लेकीची न्हाई सोसत."

"मग आता वाच ना माझ्यापुढं. आता तर येतंय."

"न्हाई," आई म्हणाली आणि विळा उचलला.

त्या उन्हात, कांद्याच्या त्या ढिगाशेजारी बसून, मला एकदम ग्रेस आठवली.

ग्रेस म्हणजे एस्नातीची मुलगी. तिथल्या तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. नाताळला ती गावी आली होती. झाडावर आंबे पिकलेले, खाली आमचा वर्ग चाललेला. पांढरे बूट लाल मातीनं खराब होऊ नयेत म्हणून जपून पावलं टाकत ती आली आणि खोडाला टेकून उभी राहिली. एस्नाती फळ्यावरचं वाचत होती. मुलगी दिसल्याबरोबर तिनं वाचणं बंद केलं आणि शेंगा फोडायला घेतल्या. वर्ग सुटल्यावर ग्रेस माझ्याजवळ आली. "मी शाळेत होते तेव्हापासून तिच्या मागं लागले होते," ती इंग्रजीत म्हणाली. माझ्याकडं न बघता, वर आंब्यांकडं बघत. "माझ्याकडून शिकली नाही." मी मास्तरणीसारखी हसले आणि म्हणाले, काही जणांना वेळ लागतो. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी थकवा समजले होते. रात्रपाळ्या करते बिचारी, असं मनात म्हटलं होतं.

तो थकवा नव्हता. तो चेहरा मी त्या फाल्गुनात रोज आरशात बघत होते.

परत निघायच्या आधी मी दुकानात गेले. आभार मानायचे होते, पण माझ्या आभारांना धार होती हे मलाही कळत होतं. "वहिनी, जे मला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत," मी म्हणाले.

कविता तराजूत डाळ ओतत होती. "मी काय केलं ताई? त्यांनी मला बोलायला शिकिवलं, मी त्यांना लिवायला. फिटंफाट." मग पुडी बांधता बांधता म्हणाली, "माझी आई पालीला. तिला अजून अंगठाच. मी पत्र लिवते त्ये पोस्टमन वाचून दावतो. मग मी समदं खरं न्हाई लिवत. पोस्टमनला कशाला पायजे माझं सुखदुःख? तुमच्या आईंचा हात धरून गिरवून घेताना..." तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि पुडीची दोरी दातानं तोडली.

आता लिहायला हवं की माझा जळफळाट तिथं संपला. नाही संपला. फक्त तोवर तो एकटा होता, आता त्याला शेजार मिळाला. पालीच्या त्या न पाहिलेल्या बाईला जे मिळायला हवं होतं ते माझ्या आईनं घेतलं होतं. ग्रेसचं मी घेतलं होतं. कुणाचं तरी कुणीतरी घेतच होतं, आणि त्या घेण्यातूनच या सगळ्या बाया वाचायला लागल्या होत्या.

मलावीला परतल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी मी ग्रेसच्या दवाखान्यात गेले. तिला आईची सगळी गोष्ट सांगितली. एसटीची पाटी, बिस्किटांचं खोकं, ओझरचा नसलेला चष्मा. चष्म्यावर ती मोठ्यानं हसली. मग म्हणाली, "आणि ती दुकानवाली? तिचा राग येतो तुला?"

"येतो थोडा."

"मला तुझा पुष्कळ येत होता," ग्रेस म्हणाली आणि माझ्या कपात विचारल्याशिवाय तीन चमचे साखर घातली. तिकडं चहा असाच देतात, पण मला तो त्या दिवशी समेटासारखा लागला. नंतर आम्ही दोघींनी कितीतरी रविवार एकत्र काढले. ती येणार असली की मी वर्ग लवकर सोडायची. एस्नातीला आपल्या मुलीपुढं चुकावं लागू नये म्हणून.

पुढं मी कायमची परत आले. जुन्नरच्या पूर्वेला, आणे पठारावर, दोन-चार गावांत बायकांचे वर्ग सुरू केले. शिकवायला त्या त्या गावातल्याच शिकलेल्या मुली. नियम एकच ठेवला, कुणी आपल्या आईला शिकवायचं नाही. आपली आई शेजारणीकडं द्यायची, शेजारणीची आपण घ्यायची. एक पोरगी फटकन म्हणाली, "म्हंजी साटंलोटं की हो बाई!" सगळ्या हसल्या. पण वर्गाच्या दारात उभ्या राहून आपल्या आईला दुसरीच्या पाटीवर अक्षर काढताना बघणाऱ्या त्या पोरींचे चेहरे मी बघायची आणि मला ओळख पटायची. त्यांना मी कधी समजावत बसले नाही. जळू दिलं. त्यातल्या काही जणींनी जळत जळतच फार चांगलं शिकवलं.

एस्नाती आता नाही. ग्रेसनंच कळवलं. ते ऐकून आईनं अंघोळ केली. मी म्हटलं, आई, अगं तुझी ती कोण? तर म्हणाली, "माझी सवत व्हती," आणि डोळे पुसले.

विघ्नहरानं माझं गाऱ्हाणं ऐकलं, पण उशिरा. कविता मुलांच्या शिक्षणासाठी चिंचवडला गेली ती मी कायमची परतल्यावर. तोवर आई तिच्याकडून सगळी जोडाक्षरं शिकली होती. अजून सणावाराला कविता येते. आली की आधी आमच्या घरी. दोघी ओसरीत बसतात आणि मी चहा करते. आई अजूनही माझ्यापुढं मोठ्यानं वाचत नाही. मी दाराआडून ऐकते. तिचा वाचण्याचा एक सूर आहे, ओव्यांसारखा, वाक्य संपलं तरी थोडा वेळ हवेत राहणारा. तो सूर मला समोरासमोर कधी मिळाला नाही.

यंदा कांदा लवकर निघाला. आईनं ऐंशी गाठलीय, शेतात जाणं बंद झालंय, पण हात स्वस्थ बसत नाहीत. गेल्या आठवड्यात अंगणात बारीक कांदा निवडत, त्याची पात कापत बसलो होतो, ती आणि मी. पोस्टमन लग्नपत्रिका देऊन गेला. आईनं पत्रिका डोळ्यांजवळ धरली. मी सवयीनं दुसरीकडं बघायला लागले. ओठ हलल्याचं जाणवत होतं. मग ते थांबले.

"सुरेखे," आई म्हणाली.

मी मान वळवली. तिनं पत्रिका माझ्यापुढं धरली होती, आणि नवऱ्यामुलाच्या नावावर बोट ठेवलं होतं. "ह्ये कोंतं अक्षर गं? रु बी न्हाई न् त्रु बी न्हाई."

इतक्या वर्षांत तिनं मला अक्षर विचारलं नव्हतं. तोंड बारीक होऊ नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. अगदी साधेपणानं, डाळीचा भाव सांगावा तसं म्हणाले, "ऋ आहे तो. ऋत्विक."

"ऋ," आई म्हणाली. पुन्हा एकदा, "ऋ." तिनं ते मांडीवर गिरवून पाहिलं. पत्रिकेकडं संशयानं पाहिलं. माझ्याकडं त्याहून जास्त संशयानं.

"आसंल," ती म्हणाली. "तरी पाडव्याला कविता आली की इचारते तिला."

मी विळा उचलला आणि पुढच्या कांद्याची मान धरली.